‘हुशार आहे, पण वर्गात बोलत नाही’

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या आठवड्यात एका आईचा फोन आला. मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. “ताई, शाळेचं पहिलं रिपोर्ट कार्ड आलंय. गणितात ए, केमिस्ट्रीत ए आणि इतिहासात बी मायनस. खाली लिहिलंय, वर्गातल्या चर्चेत भाग घेत नाही. पुण्यात हिच्या बाई कौतुकानं सांगायच्या, किती शांत मुलगी आहे हो तुमची! तीच मुलगी, तोच स्वभाव. इथे त्याचे मार्क कापतात?”

मी न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपासच्या भारतीय कुटुंबांबरोबर समुपदेशक म्हणून काम करते. हा प्रश्न दर हिवाळ्यात मला चार-सहा घरांतून येतो. बहुतेक वेळा तो “हिला कॉन्फिडन्स नाही, काय करू?” अशा शब्दांत येतो. या आईनं विचारलं तसं सरळ फार कमी जण विचारतात, म्हणून ही गोष्ट लिहायला घेतली. मुलीला आणि आईवडिलांना विचारून लिहिते आहे. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही. मुलीला आपण ऋजुता म्हणू.

ऋजुता पंधरा वर्षांची. कोथरूडच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून नववी करून जुलैत इकडे आली आणि सप्टेंबरात दहावीत, म्हणजे इथल्या भाषेत सोफोमोर म्हणून बसली. बाबा सॉफ्टवेअरमध्ये. आई पुण्यात बँकेत होती. इथे एच-फोर व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या नवऱ्याबरोबर आलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर आहे आणि नोकरीची परवानगी नाही, त्यामुळे दिवसातून सहा वेळा शाळेच्या पोर्टलवर मार्क बघणं हीच तिची नोकरी झाली होती. हे मी म्हणत नाही, तीच हसत म्हणाली. फार हसत नव्हती.

पहिल्या भेटीत बाबांनीच बोलायला सुरुवात केली. पब्लिक स्पीकिंगचा क्लास लावावा का? घरी इंग्रजीच बोलावं का? शाळेत नाव घालताना घरची भाषा विचारणारा फॉर्म भरावा लागतो. त्यात आईनं ‘मराठी’ लिहिलं, म्हणून ऋजुताची इंग्रजीची चाचणी झाली. ती त्यात सहज पास झाली. पण पहिलीपासून इंग्रजीत शिकलेल्या मुलीला “तुला इंग्रजी येतं का” हे तपासून घ्यावं लागलं, ते तिला लागलं होतं. बाबांचं म्हणणं, तिथे इंग्रजीच लिहायला हवं होतं. मला तसं वाटत नाही. घरात मराठी बोलत असाल तर मराठीच लिहा. चाचणी म्हणजे कमीपणा नाही, एवढं मुलांना आधी सांगून ठेवा, म्हणजे झालं.

हे सगळं चालू असताना ऋजुता समोर ताठ बसून होती. मी तिला काही विचारलं की आधी आईकडे बघायची, मग उत्तर द्यायची. उत्तर मात्र नेमकं. म्हटलं, ही लाजाळू नाही, काहीतरी वेगळं आहे. आणि एवढं कळूनही मी चूक केली ती केलीच.

मी तिला ठरीव उपाय दिला: रोज एका तासाला एकदा हात वर करायचा. तिनं इमानदारीत केलं. पहिल्या दिवशी हात वर करून ती “आय ॲग्री” म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बोलू लागली तर दोन मुलं आधीच बोलायला लागली होती, आणि तिचा हात तसाच वर. चौथ्या दिवशी सकाळी पोटात दुखायला लागलं आणि ती शाळेत गेलीच नाही. आईनं मला मेसेज टाकला तेव्हा माझी मलाच शरम वाटली. मुलीला नीट ऐकून घेण्याआधी मी गोळी लिहून दिली होती.

पुढच्या भेटीत मी तिला एकटीला बोलावलं आणि उपाय मागे घेतला. म्हटलं, बोलू नकोस, लिहून आण. इथे तुला काय वेगळं वाटतं ते, मराठीत, कसंही. ती पुढच्या वेळी दोनशे पानी वही घेऊन आली, पुण्याहून आणलेली, मागच्या कव्हरवर पाढे छापलेली. त्यात वीसेक पानं भरली होती. तिच्याच परवानगीनं थोडं इथे देते.

“इथे शिक्षक वर्ग बदलत नाहीत, आपण बदलतो. चार मिनिटांत. माझा असा बाक कुठेच नाही. पुण्यात बाकावर शेजारी कोण आहे, यावरच मैत्रीण ठरायची. इथे मैत्रीण कुठून आणायची?”

“हाऊ आर यू म्हटल्यावर मी सांगायला लागले की काल झोप नीट झाली नाही. ती मुलगी तोपर्यंत पुढे निघून गेली होती.”

“बोलायला परवानगी लागत नाही. बाथरूमला जायला पास लागतो.”

“मी म्हणाले, आय हॅव अ डाऊट. सर म्हणाले, तुला कशावर संशय आहे?”

“गणितात ग्राफिंग कॅल्क्युलेटर दिला. पुण्यात वापरला असता तर बाईंनी काढून घेतला असता. मी तोंडी केलं. शून्य नाही मिळालं, पण लिहून आलं: शो युवर वर्क.”

“पेपर उलटे करून हातात देतात. कोणाला किती पडले कळत नाही. छान वाटलं. मग वाटलं, मी कितवी आहे?”

“सकाळी सगळे छातीवर हात ठेवून त्यांची प्रतिज्ञा म्हणतात. एक मुलगा बसून राहिला. कोणी काही बोललं नाही. मी उभी राहते, हात खाली ठेवून. मनात ‘भारत माझा देश आहे’ म्हणते. हे चूक आहे का?”

हे शेवटचं वाचून मी थांबले. तिला सांगितलं की चूक नाही, आणि तो मुलगाही चुकत नव्हता. १९४३ सालीच इथल्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला आहे की सरकारी शाळा मुलांना ध्वजवंदनाची आणि प्रतिज्ञेची सक्ती करू शकत नाही. दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना दिलेला निकाल. “म्हणजे गप्प बसायचाही हक्क आहे?” तिनं विचारलं. प्रतिज्ञेच्या वेळी आहे, म्हटलं. इतिहासाच्या तासाला मार्क जातात. तेव्हा ती पहिल्यांदा मोकळं हसली.

वहीत एक नोंद लांबलचक होती आणि माझ्या मते सगळं प्रकरण त्या एका नोंदीत होतं. ऑक्टोबरात इतिहासाच्या सरांनी खुर्च्या गोल मांडून चर्चा घेतली होती. स्वतः बाहेर बसून, कोण काय बोललं ते कागदावर टिपत होते. विषय होता अमेरिकेची राज्यघटना लिहिणाऱ्या, १७८७ सालच्या फिलाडेल्फियाच्या अधिवेशनातली तडजोड. प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरायची, हे तिथे ठरलं. ऋजुतानं आदल्या रात्री दोन पानं लिहून नेली होती. चर्चेत ती एक शब्दही बोलली नाही. न वाचता आलेला एक मुलगा मात्र तीन मिनिटं बोलला आणि त्याला पूर्ण गुण मिळाले.

“काकू, तो न वाचता बोलतो. त्याला गुण. मी वाचून गप्प, मला शून्य. हा कसला न्याय?”

“तो काय बोलला, आठवतंय?”

तिला शब्दन्‌शब्द आठवत होतं. तो म्हणाला होता, तडजोड केली नसती तर देशच झाला नसता. त्यावर एक मुलगी म्हणाली, पण किंमत कोणी मोजली? मग तिसऱ्यानं विचारलं, ज्यांना मतच नाही त्यांना मोजून फायदा कोणाचा? तेव्हा कोणीतरी म्हणालं, मालकांच्या राज्यांचा, त्यांच्या जागा वाढल्या.

“आणि तुझ्या दोन पानांत काय होतं?”

ती वही उघडून बघत राहिली. “हेच. शेवटच्या ओळीत हेच होतं.” मग जरा वेळानं, “पण त्यांना आधी माहीत नव्हतं. बोलता बोलता सापडलं.”

पुण्यातल्या वर्गात हात कधी वर जायचा, असं मी विचारलं. ती म्हणाली, उत्तर पक्कं आलं की. चुकलं तर बाई “बस खाली” म्हणायच्या आणि सगळा वर्ग हसायचा. अर्धवट उत्तर देणं म्हणजे अभ्यास न करता येणं, बाईंचा वेळ खाणं. “आणि काकू, सर बोलत असताना मध्ये बोलायचं म्हणजे उद्धटपणाच ना?” तिचं गप्प बसणं हा तिच्या लेखी सरांना दिलेला मान होता. आणि सरांच्या कागदावर त्या मानाची नोंद ‘अनुपस्थित’ अशी होत होती. यात तिचा दोष नव्हता. सरांचाही नव्हता, पण ते मला नंतर कळलं.

आता बोलायचं कसं, याच्या आधी सरांशी बोलायला हवं होतं. आई म्हणाली, मी ईमेल करते. मी म्हटलं, नको. हायस्कूलमध्ये मुलांनी स्वतः लिहावं अशी शिक्षकांची अपेक्षा असते. आईचं पत्र आलं की मामला तक्रारीचा होतो. ऋजुतानं मसुदा आणला. सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट’ अशी. आपण सगळ्यांनी हेच पत्र पाठ केलेलं आहे, रजेच्या अर्जापासून. मी तिला एवढंच सांगितलं की ‘बेग’ काढ, सरांचं आडनाव घाल आणि तुला नेमकं काय हवं ते दुसऱ्या ओळीत लिही. उत्तर तासाभरात आलं. दोन ओळी आणि एक उद्गारचिन्ह: जरूर ये, उद्या लंचला मी वर्गातच असतो! ऋजुतानं मला विचारलं, “दोनच ओळी? रागावलेत का?”

रागावले नव्हते. उलट ते चकित झाले. त्यांना वाटत होतं की या मुलीला विषय कंटाळवाणा वाटतो, ती सगळं आधीच शिकून आली आहे. मग त्यांनी तिच्याबरोबर तीन गोष्टी ठरवल्या. चर्चेचा प्रश्न ते आदल्या संध्याकाळी वर्गाच्या ऑनलाइन पानावर टाकतील, सगळ्यांसाठीच. तिनं एका छोट्या कार्डावर एक प्रश्न लिहून आणायचा, तोही सहभाग धरला जाईल. आणि उत्तरानं सुरुवात करायची नाही, प्रश्नानं करायची. ही तिसरी गोष्ट मला सुचली असती तर बरं झालं असतं. प्रश्न अर्धवटच असतो, त्यामुळे तो विचारताना अर्धवट बोलल्याची लाज वाटत नाही.

इथे एक बाजूची गोष्ट सांगते, कारण पालक ती हमखास विचारतात. शाळेतला काउन्सेलर म्हणजे वेड्यांचा डॉक्टर नव्हे. तो विषयांची निवडही बघतो, कॉलेजचे अर्जही आणि मुलांचं रडूही. त्याची फी नसते. फक्त त्याच्याकडे मुलं फार असतात. इथल्या शालेय समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस एका काउन्सेलरमागे २५० मुलांची आहे, आणि पुष्कळ ठिकाणी ती पाळली जात नाही. तेव्हा तो आपणहून बोलावेल याची वाट बघू नका; मुलांनाच वेळ मागायला सांगा. आणि मूल फक्त वर्गात गप्प आहे की सगळीकडे, ते बघा. ऋजुता पुण्याच्या मैत्रिणींशी तासन्‌तास बोलत होती, जेवत होती, भावाशी भांडत होती. हे सगळं बंद झालं असतं, झोप उडाली असती, “कशाला जगायचं” अशी भाषा आली असती, तर मी चर्चेच्या गुणांवर एक दिवसही घालवला नसता. थेट डॉक्टरांकडे पाठवलं असतं. अशा वेळी रात्री-अपरात्री ९८८ या इथल्या राष्ट्रीय मदतवाहिनीच्या क्रमांकावर फोन किंवा मेसेज करता येतो, हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

डिसेंबरात शाळेत सुरक्षेचा सराव झाला. न्यू जर्सीत दर महिन्याला एक आगीचा आणि एक सुरक्षेचा सराव घ्यावाच लागतो. दिवे बंद, पडदे खाली, दाराला आतून कुलूप, सगळी मुलं कोपऱ्यात जमिनीवर. बंदूकधारी शिरला तर काय करायचं, याचा सराव. वहीत त्या दिवसाची नोंद चार ओळींची आहे. “आईला सांगितलं नाही. अंधारात शेजारच्या मुलीनं माझा हात धरला. नंतर तिनं माझं नाव विचारलं. रुजूटा नाही, ऋजुता, असं तिला तीनदा म्हणायला लावलं.” लंचला ती आता त्या मुलीच्या टेबलावर बसते. कॅफेटेरियातला तो अर्धा-पाऊण तास नव्या मुलासाठी कुठल्याही परीक्षेपेक्षा अवघड असतो. ती परीक्षा सुटली की वर्गातलं बोलणंही सैल होतं, असा माझा अनुभव आहे.

ती वर्गात बोलली जानेवारीत. विषय होता १८३० चा ‘इंडियन रिमूव्हल ॲक्ट’. (‘इंडियन’ म्हटल्यावर दोन मुलांनी वळून हिच्याकडे पाहिलं. हीच आधी हसली.) अध्यक्ष जॅक्सनच्या सहीनं झालेला हा कायदा, त्यानंतर चेरोकी आणि इथल्या इतर मूळ रहिवासी जमातींना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हुसकावलं गेलं. ऋजुताच्या कार्डावर एकच प्रश्न होता: कायद्याच्या नावात ‘हलवणे’ असा साधा शब्द का आहे? सर म्हणाले, तुला काय वाटतं? कार्डावर याचं उत्तर नव्हतं. ती म्हणाली, माझ्या आजीचं गाव कोयना धरणाच्या पाण्याखाली गेलं. सरकारी कागदावर त्याला ‘पुनर्वसन’ म्हणतात. शब्द इतका चांगला आहे, की त्यात घर बुडालेलं दिसतच नाही.

सरांनी लगेच विचारलं, म्हणजे दोन्ही एकच? ती म्हणाली, नाही. धरणाची वीज सगळ्यांना मिळाली, आजीलाही मिळाली, उशिरा. तिला बंदुका लावून चालवत नेलं नाही. ती देशाची नागरिक होती, तिला मत होतं. “पण शब्दाचं काम सारखंच आहे.” हे सगळं मला सांगताना ती भराभर बोलत होती, आईकडे न बघता. आईच तिच्याकडे बघत होती, कारण आजीच्या गावाबद्दल मुलगी कधी काही बोलली नव्हती.

प्रकरण इथे संपेल असं मला वाटलं होतं. पण फेब्रुवारीत बाबांचा फोन आला, जरा तापलेला. “मॅडम, तुम्ही तिला बोलायला शिकवलंत. आता ती घरात उलट बोलते.”

झालं असं, की पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा फॉर्म आला होता. बाबांच्या डोक्यात एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचं, फिजिक्स आणि एपी कॉम्प्युटर सायन्स. ऋजुताला कॉम्प्युटरऐवजी पत्रकारितेचा वर्ग हवा होता. जेवताना बाबा म्हणाले, तुला काय कळतं. ती म्हणाली, तुमचा दावा काय, पुरावा काय? शाळेत निबंधाला हेच शिकवतात: दावा, पुरावा, कारण. बाबांनी ताट सरकवलं.

मी त्यांना भेटायला बोलावलं, एकट्यांना. म्हटलं, तुम्हाला ती वर्गात बोलायला हवी आहे आणि घरी गप्प. पंधरा वर्षांच्या मुलीला हे बटण कुठे असतं? ते म्हणाले, हे इथलं फॅड आहे, चर्चा, चर्चा. मी सांगितलं, हडसन नदीच्या पलीकडे, कोलंबिया विद्यापीठात, १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब आंबेडकर होते. तिथे त्यांना शिकवणारे एक प्राध्यापक जॉन ड्यूई. लोकशाही ही आधी एकत्र जगण्याची पद्धत आहे आणि ती शाळेतच अंगी बाणवावी लागते, हे ड्यूईंचं म्हणणं. इथल्या गोल खुर्च्यांच्या मागे तो विचारही आहे, आणि आपल्याकडेही तो शंभर वर्षांपूर्वीच पोचला आहे. बाबा म्हणाले, “ते विद्यापीठात होते. माझी मुलगी दहावीत आहे.” मुद्दा अगदीच खोटा नव्हता. मीही सोडून दिला.

मग ते बराच वेळ स्वतःबद्दल बोलले. साताऱ्याजवळच्या शाळेत हेडमास्तरांना एकदा भूगोलातली चूक दाखवली, तर छडी बसली होती. चूक खरीच होती. “त्यानंतर मी ऑफिसातही मीटिंगमध्ये बोलत नाही. माझ्या रिव्ह्यूतही तेच लिहून येतं, स्पीक अप मोअर.” हे ते घरी कोणालाच बोलले नव्हते. मी काही सल्ला दिला नाही. मुलीला ही छडीची गोष्ट सांगाल का, एवढंच विचारलं. बघतो, म्हणाले.

मार्चमध्ये इतिहासात बी प्लस आला. ए नाही. गणिताच्या तासाला ती अजूनही बोलत नाही. म्हणते, तिथे बोलण्यासारखं काही नसतं. पोर्टल आई आता दिवसातून एकदाच उघडते, निदान मला तरी तसं सांगते. विषयांचा फॉर्म शेवटच्या दिवशी गेला, एपी फिजिक्स आणि पत्रकारिता असा. तो कसा ठरला, ते आईनं फोनवर सांगितलं. या वेळी मागे फोडणीचा आवाज होता.

“रात्री जेवताना हिनं पुन्हा विषय काढला. मला वाटलं, झालं, आता परत ताट सरकणार. हे बराच वेळ गप्प. मग म्हणाले, बरं, पत्रकारिता. कशावरून म्हणतेस की तुला जमेल? ताई, ती भात तसाच टाकून उठली, आत गेली आणि ती पाढ्यांची वही घेऊन आली.”